पित्तनलिकेतला लिम्फोमा: ऑपरेशनच्या तारखेआधी तुकड्याचा रिपोर्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांचं वय ५४, सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम. दीड महिन्यापासून कावीळ, अंगाला खाज, वजन उतरलेलं. आधी गावाकडचं औषध झालं. मग बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य, १६ निघालं, एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये, यकृताच्या तोंडाशी पित्तनलिका अरुंद दिसली आणि "पित्तनलिकेचा कॅन्सर आहे, मोठं ऑपरेशन लागेल" असं सांगण्यात आलं. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याच्या रिपोर्टात मात्र "लिम्फोमाची शक्यता, आयएचसी करावी" असं लिहून आलं. (आयएचसी म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून बघायची तपासणी.) सर्जन आता थांबा म्हणतात, घरचे म्हणतात उशीर नको. लिम्फोमा तर गाठींचा आजार, तो पित्ताच्या नळीत कसा? ऑपरेशन करायचं की नाही? एवढ्या काविळीत केमो झेपेल का? आणि यातलं सोलापुरात काय होईल?

सर्जन थांबा म्हणतात तर थांबा. सर्जननं आपणहून सुरी बाजूला ठेवावी असे प्रसंग फार येत नाहीत, आला तर त्याचा मान ठेवावा. आयएचसीचा रिपोर्ट येईपर्यंत ऑपरेशनची तारीख घेऊ नका. आणि या मधल्या दिवसांत "सूज उतरेल" म्हणून कुणी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन सुरू करायला निघालं, तर ते कशासाठी, हे आधी विचारा. त्याचं कारण पुढे सांगतो. थांबायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं असं मात्र नाही. कावीळ उतरवण्याचं काम याच दिवसांत व्हायला हवं.

आता नळीत लिम्फोमा कसा, ते. लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. या पेशींचा मुक्काम गळ्यातल्या, काखेतल्या, जांघेतल्या गाठींत जास्त, म्हणून लोक त्याला गाठींचा आजार म्हणतात. पण या पेशी अंगभर फिरत असतात. जठर, आतडं, थायरॉइड, त्वचा, मेंदू, कुठेही त्यांच्यातून कॅन्सर सुरू होऊ शकतो. जठरातला त्यातल्या त्यात नेहमीचा. पित्तनलिकेतला यादीत अगदी तळाशी. १९८२ साली अशा एका रुग्णाचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आलं, तेव्हापासून आजवर जगभरातून छापून आलेले रुग्ण मोजायला काही डझन पुरतात. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, देशातली पहिली. तिच्यात पानं भरतात ती गर्भाशयमुख, स्तन, तोंड, अन्ननलिका यांच्या कॅन्सरनं. त्यामुळे एखाद्या चांगल्या डॉक्टरनं उभ्या आयुष्यात हा आजार पाहिलेला नसेल, तर त्यात त्याचं काही उणं नाही.

लिम्फोमामुळे कावीळ होण्याचा नेहमीचा मार्ग वेगळा असतो. यकृताच्या दारात आणि स्वादुपिंडाभोवती गाठी असतात, त्या फुगतात आणि नळीला बाहेरून दाबतात. कॅन्सरनं पित्तमार्ग अडलेल्या शंभर रुग्णांत नॉन-हॉजकिन या लिम्फोमाच्या मोठ्या गटातले एक-दोन असतात आणि त्यातल्याही बहुतेकांचं कारण हे बाहेरून दाबणंच असतं. थेट नळीच्या भिंतीत सुरू झालेला लिम्फोमा म्हणजे त्या एक-दोनातलाही अपवाद. तुमच्या काकांचा नळीतला की गाठींतला, हे पेट-सीटी, म्हणजे आजार अंगात कुठे कुठे आहे ते दाखवणारं स्कॅन, झाल्यावर बरंचसं कळेल. डॉक्टर मंडळींना या भेदात रस असतो, शोधनिबंध लिहायला तो उपयोगीही पडतो. उपचार मात्र दोन्हींचे जवळपास एकच, तेव्हा घरच्यांनी त्यावर झोप घालवू नये.

आधी पित्तनलिकेचा कॅन्सर म्हटलं आणि आता लिम्फोमा म्हणतात, म्हणून पहिल्या डॉक्टरांवर रागावला असाल. त्यांची बाजू समजून घ्या. यकृतातून बाहेर पडणाऱ्या उजव्या-डाव्या नळ्या जिथे मिळतात, तिथला कॅन्सर १९६५ साली जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी तपशिलात मांडला. अजूनही त्या गाठीला त्यांच्याच नावानं ओळखतात. तिथे नळी अरुंद, वर यकृतातल्या नळ्या फुगलेल्या आणि न दुखणारी, वाढत जाणारी कावीळ, एवढं जमून आलं की नव्वद टक्के वेळा मनात तोच आजार येतो आणि बहुतेकदा बरोबरही ठरतो. शिवाय ऑपरेशन होण्यासारखं असेल तर तुकड्याची वाट न पाहता ऑपरेशन करावं, अशी या ठिकाणची जुनी रीत आहे. तिलाही कारण आहे. इथला तुकडा मिळायला अवघड, मिळाला तरी कॅन्सर असून रिपोर्ट निर्दोष येतो, आणि पोटाच्या बाहेरून सुई घातली तर पेशी वाटेत सांडण्याची भीती. म्हणून सर्जन म्हणतात, चित्र स्पष्ट आहे, काढून टाकू. अशा रीतीनं काढलेल्या नळ्यांपैकी दहातली साधारण एक तपासणीत कॅन्सरची निघतच नाही, कधी साधी सूज असते, कधी दुसरंच काही. जुन्या लिम्फोमा रुग्णांतले बरेच जण याच वाटेनं गेले. अर्धं यकृत आणि नळी काढून झाली, आतड्याला जोडणी झाली, मग आठवड्यानं कळलं की हा लिम्फोमा होता. केमो त्यांना तरीही घ्यावीच लागली.

काही खुणा संशय घ्यायला लावतात. लिम्फोमात नळी लांबवर, गुळगुळीत निमुळती होत जाते, भिंत सगळीकडून जाड दिसते. नळीच्या कॅन्सरमध्ये बहुधा ती एकाएकी तुटल्यासारखी, खडबडीत दिसते. गाठ मोठी, पण वरच्या नळ्या त्या मानानं कमी फुगलेल्या; गाठीतून रक्तवाहिनी जाते, पण दबत नाही; रक्तात एलडीएच हे एन्झाइम चढलेलं आणि सीए १९-९ ही नळीच्या कॅन्सरची रक्तातली खूण अगदी साधी. रुग्ण तुलनेनं तरुण. तुमच्या काकांच्या कागदांत यातलं दोन-तीन असेल तर तुकड्याच्या रिपोर्टाला बळ मिळतं. पण एकट्या कुठल्याही खुणेवर विसंबू नये. सीए १९-९ तर नुसत्या पित्त तुंबण्यानंही शेकड्यांत जातं. पुष्कळ घरांत तो एकच आकडा पाहून रडारड झालेली असते, म्हणून मी तो कावीळ उतरल्यावर पुन्हा मागवतो.

तुकड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण नेऊन पित्तनलिकेत शिरण्याची पद्धत, करताना नळीत ब्रश फिरवून पेशी घेतात. नळीच्या कॅन्सरमध्येही ही ब्रशची तपासणी बऱ्याच वेळा हुकते. लिम्फोमात तर आणखी, कारण तो आतल्या अस्तराखाली वाढतो आणि अस्तर शाबूत असतं. ब्रशनं तो शोधणं म्हणजे भिंतीचा रंग खरवडून आतली वीट कच्ची की पक्की ते सांगणं. म्हणून चिमट्यानं घेतलेला खोल तुकडा हवा. त्याचे मार्ग दोन. एक, ईआरसीपीतूनच नळीच्या आत छोटी दुर्बीण घालून डोळ्यांनी पाहत तुकडा घेणं, त्याला कोलँजिओस्कोपी म्हणतात. दुसरा, एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे ईयूएस: जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला दुर्बीण नेऊन तिथून सोनोग्राफीच्या नजरेनं शेजारच्या गाठीत सुई घालणं. शेजारी मोठी गाठ असेल तर मला ईयूएस जास्त आवडतं, तुकडा भरदार येतो. आणि गळ्यात, काखेत हाताला लागणारी गाठ असेल तर हे सगळं सोडून ती अख्खी काढून तपासावी. गळा न चाचपता रुग्णाला थेट ईआरसीपीला पाठवणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

मिळालेला तुकडा कशात ठेवला, यावरही बरंच ठरतं. लिम्फोमाच्या पेशी नाजूक असतात, चिमट्यात दाबल्या गेल्या की काचेवर नुसती निळी रेघ उमटते आणि पॅथॉलॉजिस्टला "लिम्फोमाची शक्यता" यापुढे जाता येत नाही. काकांच्या रिपोर्टाची मोघम भाषा बहुधा यातूनच आली असावी. पुन्हा तुकडा घ्यायची वेळ आली तर नातेवाईकांनी एवढंच विचारावं: एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि एक भाग साध्या सलाईनमध्ये ठेवणार ना? सलाईनमधला टीबीच्या जीन एक्स्पर्ट तपासणीसाठी. फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यातून टीबीचे जंतू वाढवता येत नाहीत. असं विचारल्यानं कुणी चिडत नाही, चिडलं तरी चालेल.

टीबीचं नाव उगाच घेतलं नाही. यकृताच्या दारातल्या गाठी फुगून झालेली कावीळ, अधूनमधून ताप, वजन उतरलेलं, हे चित्र आपल्या भागात टीबीचंही असतं. त्यामुळे "टीबीच असेल, औषध चालू करून बघू" असा एक मतप्रवाह असतो. माझा त्याला विरोध आहे. टीबीच्या पहिल्या फळीतली आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृताला त्रास देऊ शकतात. बिलिरुबिन १६ असताना पुराव्याशिवाय ती सुरू करायची, आणि मग कावीळ वाढली तर ती आजारानं की औषधानं, याचा हिशेब कुणी द्यायचा? शिवाय दोन-तीन महिने "गुण येतोय का" बघण्यात जातात आणि लिम्फोमा तोवर थांबत नाही.

आता स्टेरॉइडची गोष्ट. पित्तनलिका अरुंद करणारा आयजीजी-४ नावाचा एक सुजेचा आजार आहे. तो स्टेरॉइडनं झपाट्यानं वितळतो, आणि तसा वितळणं हा त्याच्या निदानाचा एक भागही मानला जातो. गोम अशी की लिम्फोमाही स्टेरॉइडनं वितळतो, निदान काही आठवडे तरी. प्रेडनिसोलोन तर लिम्फोमाच्या उपचारातलंच एक औषध आहे. तेव्हा तुकडा नीट मिळायच्या आधी स्टेरॉइड दिलं तर कावीळ उतरते, रुग्ण जेवायला लागतो, सगळे खूश होतात, आणि त्यानंतर घेतलेल्या तुकड्यात मेलेल्या पेशींशिवाय काही सापडत नाही. काही आठवड्यांनी आजार परत उभा राहतो, तेव्हा सगळं पहिल्यापासून. दमा किंवा संधिवातासाठी काका आधीच स्टेरॉइड घेत असतील तर ते मात्र डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नका. फक्त तुकडा घेणाऱ्याला आणि पॅथॉलॉजिस्टला तसं कळवा. पाठदुखीवर "पॉवरची सुई" घेतली असेल तर तीही सांगा. तिच्यात काय होतं ते सुई देणाऱ्यालाच माहीत.

आयएचसी म्हणजे पेशींच्या अंगावरच्या खुणा रंगवून त्या कुणाच्या कुळातल्या हे ओळखणं. नळीच्या अस्तरातून आलेला कॅन्सर सायटोकेरॅटिन दाखवतो. लिम्फोमात ते नसतं, सीडी४५ असतं. बी-पेशींचा असेल तर सीडी२०, टी-पेशींचा असेल तर सीडी३. नळीतल्या लिम्फोमांत सगळ्यात जास्त सापडतो तो डिफ्यूज लार्ज बी-सेल, डीएलबीसीएल. मग सीडी१०, बीसीएल६, एमयूएम१ यांवरून त्याची उपजात, आणि केआय-६७ वरून पेशी किती वेगानं वाढताहेत ते. कधीकधी फॉलिक्युलर किंवा माल्ट नावाचा संथ प्रकार निघतो. त्याचे उपचार सौम्य असतात, कधी रिटुक्सिमॅब हे लिम्फोमाचं औषध एकटंच, कधी किरणोपचार. म्हणून "लिम्फोमा आहे" एवढं उत्तर पुरत नाही, पूर्ण नाव हवं.

इथे एक व्यवहाराचं सांगतो. लॅबमध्ये तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला पॅराफिन ब्लॉक म्हणतात. मुंबई, पुणे, हैदराबाद, कुठेही दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर नुसता रिपोर्टाचा कागद नेऊ नका. ब्लॉक आणि तुकड्याच्या काचा (स्लाइड) मागून घ्या, पावतीवर सही करून त्या मिळतात. ब्लॉक नसला की तिथे पुन्हा तुकडा घेतात, आठवडा जातो आणि खर्च दुप्पट. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर जाऊन टाटाच्या रांगेत उभं राहायचं आणि तिथे कळायचं की ब्लॉक सोलापुरात राहिला, ही फेरी मी अनेक कुटुंबांना करताना पाहिलंय. ब्लॉक पिशवीत घालून न्या, उन्हात गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. मेण आहे ते, आणि आपला एप्रिल-मे तुम्हाला मी सांगायला नको.

काविळीकडे येऊ. बिलिरुबिन १६ असताना केमो झेपेल का, हा तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. लिम्फोमाच्या नेहमीच्या उपचारातली दोन औषधं, डॉक्सोरुबिसिन आणि विन्क्रिस्टिन, शरीरातून बाहेर पडतात ती बरीचशी पित्तावाटेच. पित्ताचा रस्ताच बंद असेल तर ती रक्तात साठतात आणि विषारी ठरतात. डॉक्सोरुबिसिनचा ठरलेला नियम असा: बिलिरुबिन १.२ ते ३ असेल तर निम्मा डोस, ३ ते ५ असेल तर पाव, आणि ५ च्या वर असेल तर द्यायचंच नाही. म्हणून आधी रस्ता मोकळा करायचा. ईआरसीपी करून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे रस्ता उघडा ठेवणारी बारीक नळी, घालतात. अडथळा अगदी यकृताच्या मुखाशी असेल तर उजव्या आणि डाव्या बाजूला वेगवेगळे स्टेंट लागू शकतात. खालून जमलं नाही तर बरगडीखालून त्वचेतून नळी घालून पित्त अंगाबाहेर लावलेल्या पिशवीत काढतात, त्याला पीटीबीडी म्हणतात. ती पिशवी बघून घरचे घाबरतात. घाबरू नका, ती तात्पुरती असते. फक्त रोज किती पित्त आलं ते लिहून ठेवा आणि आंघोळीच्या वेळी नळी ओढली जाणार नाही एवढं बघा.

स्टेंट प्लास्टिकचा घालायचा की धातूचा, यावर माझं मत पक्कं आहे. निदान पक्कं होईपर्यंत उघड्या जाळीचा धातूचा स्टेंट घालू नये. तो भिंतीत रुततो, नंतर काढता येत नाही. लिम्फोमा केमोनं विरघळतो, नळी पुन्हा उघडते, मग त्या जाळीचं करायचं काय? प्लास्टिकचा स्टेंट तीनेक महिन्यांत गाळानं तुंबतो, तो बदलावा किंवा काढावा लागतो. घातल्या दिवशीच तीन महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. केमोच्या गडबडीत सगळे स्टेंट विसरतात, आणि तो तुंबला की थंडी वाजून हुडहुडी भरते, ताप चढतो, कावीळ परत येते. पांढऱ्या पेशी कमी असताना असा जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. तसा ताप आला तर रात्र आहे की सुट्टी आहे हे बघू नका, दवाखाना गाठा.

स्टेंट घातल्यावर दुसऱ्या दिवशी बिलिरुबिन उतरलं नाही म्हणून फोन येतात. बरेच दिवस तुंबलेल्या काविळीत बिलिरुबिनचा एक भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतो आणि अल्ब्युमिनचं अर्धआयुष्य जवळपास तीन आठवड्यांचं. त्यामुळे लघवी आधी स्वच्छ होते, खाज कमी होते, शौचाचा पांढुरका रंग जाऊन पिवळा येतो, आणि डोळे सगळ्यात शेवटी निवळतात. आकडा सावकाश पण सतत उतरत असेल तर स्टेंट चालू आहे असं समजा. काविळीत व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून कुठल्याही सुईआधी पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी बघतात आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात.

गावाकडच्या औषधाबद्दल तुम्ही जरा शरमून लिहिलंय. शरमायचं कारण नाही, इकडे कावीळ म्हटलं की निम्मी घरं आधी तिथेच जातात. गळ्यात घातलेली मुळ्यांची माळ लांबत जाते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, आणि विषाणूची कावीळ बहुतेक वेळा आपोआपच बरी होत असल्यानं श्रेय माळेला जातं. नळी अडून झालेल्या काविळीत ते जुळून येत नाही. लघवी गर्द, शौच पांढुरकी, अंगाला खाज आणि ताप नाही, अशी कावीळ दोन आठवडे टिकली की सोनोग्राफी व्हायलाच हवी, माळ गळ्यात असली तरी. नाकात रस पिळणं मात्र अजिबात नको.

रस्ता मोकळा होईपर्यंत लिम्फोमा मोकाट सोडायचा का? तसं नाही. निदान पक्कं झाल्यावर, बिलिरुबिन उतरण्याची वाट पाहतानाच स्टेरॉइड सुरू करता येतं. आता ते हवंच आहे, तुकडा हातात आलेला आहे. रिटुक्सिमॅब यकृतावर अवलंबून नाही, तेही लवकर देता येतं, आणि मग बिलिरुबिन जसं उतरेल तशी बाकीची औषधं पूर्ण डोसात. कधी काय द्यायचं हे कॅन्सरच्या डॉक्टरनं, शक्यतो रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरनं ठरवायचं. पोटाच्या डॉक्टरनं, म्हणजे माझ्यासारख्यानं, फक्त नळी उघडी ठेवायची. आमच्या आणि त्यांच्या विभागात फोन चालू असला की रुग्णाचं बरं चालतं.

सुरू करण्याआधी काही तपासण्यांत हयगय करू नका. हिपॅटायटिस बीची नुसती एचबीएसएजी ही नेहमीची चाचणी नव्हे, पूर्वी येऊन गेलेला विषाणू दाखवणारी अँटी-एचबीसीसुद्धा. वर्षानुवर्षं झोपलेला हा विषाणू रिटुक्सिमॅबनंतर उठून यकृत निकामी करू शकतो. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोजची गोळी आधीच सुरू करतात आणि रिटुक्सिमॅब संपल्यावरही निदान वर्षभर चालू ठेवतात. एचआयव्हीची चाचणी सगळ्यांचीच करतात, त्यात संशय कसला नसतो. डॉक्सोरुबिसिन हृदयाला जड जातं म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मधुमेह असेल तर केमोच्या प्रत्येक डोसाबरोबरच्या स्टेरॉइडच्या पाच दिवसांत साखर चढणार हे गृहीत धरून तयारी ठेवा. पेट-सीटीवरून आजार किती पसरलाय ते ठरतं.

डीएलबीसीएल ठरला तर उपचाराचं नाव आर-चॉप. चॉप हे १९७० च्या दशकातलं जुनं मिश्रण, त्यात रिटुक्सिमॅबची भर पडली आणि २००२ सालच्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीनं ती भर किती मोलाची ते दाखवलं. दर २१ दिवसांनी एक, असे बहुधा सहा डोस. बहुतेक डोस डे-केअरमध्ये होतात, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. पहिल्या रिटुक्सिमॅबला वेळ लागतो, थंडी-ताप येऊ शकतो, म्हणून ते अगदी सावकाश देतात. डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लाल होते. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. केस जातात आणि परत येतात. विन्क्रिस्टिननं बोटांना मुंग्या येतात आणि पोट साफ होत नाही. काकांना गाठ मारताना, शर्टाची बटणं लावताना त्रास होतोय का, हे विचारत राहा, कारण मागावर काम करणाऱ्याची बोटं ही त्याची रोजी आहे. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला की लगेच दाखवायचं. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही.

पुढे काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात ते असणारच. ऑपरेशन न होणाऱ्या पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एबीसी-०२ चाचणीत दोन औषधांची केमो घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण ११.७ महिन्यांपर्यंतच जगले. त्यानंतर औषधं थोडी सुधारली, तरी गणित फार बदललेलं नाही. डीएलबीसीएलमध्ये आर-चॉपनं दहातले सुमारे सहा रुग्ण कायमचे बरे होतात. नळीतल्या लिम्फोमाचा वेगळा टक्का काढण्याइतके रुग्ण जगात झालेलेच नाहीत, आणि काकांचा आकडा वय, एलडीएच, आजाराचा पसारा यांवर ठरेल. पण दोन आजारांतलं अंतर एवढं मोठं आहे, म्हणूनच आयएचसीसाठी आठवडा-दहा दिवस थांबणं हा उशीर नाही. पहिल्या उपचारानंतर आजार परतलाच तर पुढचे मार्गही आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून त्याला परत देतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मान्यता मिळाली. तो महाग आहे आणि काकांना आज त्याचा विचारही करायचं कारण नाही.

कुठे करायचं? माझं मत: निदानातलं जे अवघड आहे, कोलँजिओस्कोपी, ईयूएस, आयएचसीचं दुसरं मत, पेट-सीटी, त्यातलं इथे जे नीट होत नसेल त्यासाठी एकदा बाहेर जा. आर-चॉप मात्र घराजवळ घ्या. सहा वेळा पुणे किंवा मुंबई करण्यात पैसा आणि अंगातली ताकद दोन्ही जातात, आणि मध्यरात्री ताप आला की मुंबईचा डॉक्टर उपयोगी पडत नाही. सोलापुरात आणि बार्शीत केमो देणारी रुग्णालयं आहेत, आणि या औषधांत गुपित असं काही राहिलेलं नाही. पूर्व भागातल्या पुष्कळ घरांचे पाहुणे हैदराबादला असतात. तिथे राहायची सोय असेल तर निदानाची फेरी तिकडे करायलाही हरकत नाही.

पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं ती सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं, त्यामुळे इथल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसांना, ती पाठ आहे. रेशनकार्ड, आधार आणि तुकड्याचा रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राला भेटा आणि नेमकं विचारा: केमोच्या पॅकेजमध्ये रिटुक्सिमॅब धरलंय का, की ते बाहेरून आणायचं? सगळ्यात मोठा खर्च त्याचाच. २००७ पासून हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीचं देशी रिटुक्सिमॅब मिळू लागलं, मग इतर कंपन्यांची आली आणि किंमत बरीच उतरली. देशी घ्यायला कचरू नका, मीही तेच लिहून देतो.

"काकांना सांगू नका" असं घरात कुणीतरी म्हणालं असेलच. सांगा. सगळं एका दिवसात नको, पण आजाराचं नाव आणि उपचार किती महिन्यांचा, एवढं त्यांना माहीत हवं. ताप आला, मुंग्या आल्या, लघवी गर्द झाली, हे आधी त्यांनाच कळणार आहे. कशाकडे लक्ष ठेवायचं ते ठाऊक नसलेला माणूस सहन करत बसतो.

खाण्याचे नियम तुमच्या घरात आतापर्यंत खूप लादले गेले असतील. काविळीत तेल-तूप बंद, हळद बंद, नुसता उसाचा रस, असं करून माणूस आणखी खंगतो. रस्त्यावरचा उसाचा रस केमोच्या काळात तर नकोच, त्यातला बर्फ आणि पाणी कुठलं ते कळत नाही. घरचं ताजं शिजवलेलं सगळं चालेल. भाकरी, डाळ, अंडी, मासे, शेंगदाण्याची चटणी, पचेल तेवढं. कडक भाकरी तोंड आलं असताना टोचते, तेव्हा ती आमटीत कुस्करून द्या. मागाचं म्हणाल तर मालकाला आताच सांगून ठेवा. कापसाची धूळ, रात्रपाळी आणि केमो एकत्र चालत नाहीत. सहा डोस आणि त्यानंतरचा पेट-सीटी होईपर्यंत त्यांच्या जागी बदली माणूस लागेल.